परसबागेचे माप मोरीच्या पाण्यावर

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात सहसा आपण सोयाबीन, तूर, कापूस, ऊस यांवर बोलतो. वाण कोणता, खत किती, फवारणी केव्हा, भाव काय. आज मी ज्या जमिनीवर बोलणार आहे ती अर्धा ते पाऊण गुंठ्याचीच आहे. तिचा सातबारा वेगळा नसतो, तिच्यासाठी कोणी पीक कर्ज काढत नाही आणि तिचा माल बाजार समितीत जात नाही. ती म्हणजे घराच्या मागची परसबाग.

पाच-दहा एकराचा धनी आठवड्याच्या बाजारात मेथीची जुडी विकत घेताना दिसतो. यात लाजण्यासारखे काही नाही. नगदी पिकांच्या मागे लागताना बांधावरची चवळी, अंबाडी, वाल आणि मळ्यातली वांगी-मिरची हळूहळू कमी झाली. परंतु बाजार आठवड्यातून एकदा भरतो. आणलेली पालेभाजी दोन दिवस टिकते आणि उरलेले पाच दिवस बटाटा, डाळ व चटणी यांवर भागते. उन्हाळ्यात भाव चढले की तीही जुडी येत नाही.

परसबाग करा, हे आपणास कोणी सांगितले नाही असे नाही. बियाण्याच्या पुड्या वाटल्या जातात, जून महिन्यात हौसेने लावल्याही जातात. श्रावणात दोडका-कारली येतात, दिवाळीपर्यंत भेंडी-गवार मिळते. मात्र होळीच्या सुमारास तेथे वाळलेले वेल आणि शेळ्यांनी खाल्लेले खुंट एवढेच उरते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे का होते, याचे उत्तर बियाण्यात नाही. आपण बाग पावसाच्या मापाने आखतो आणि ती उन्हाळ्यात जगावी अशी अपेक्षा धरतो. म्हणून आज एकच गोष्ट आपल्यासमोर मांडायची आहे: परसबागेचे माप जागेवरून ठरवू नका, घरातून रोज बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून ठरवा.

आहाराचा हिशोब

प्रथम गरज किती ते पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या आहारात रोज ३०० ग्रॅम भाज्या असाव्यात. त्यात ५० ग्रॅम पालेभाजी, ५० ग्रॅम कंदभाजी व २०० ग्रॅम इतर भाज्या. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात हे प्रमाण ४०० ग्रॅम केले असून त्यात १०० ग्रॅम पालेभाजी धरली आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज दीड ते दोन किलो भाजी लागते. आपल्या घरात किती शिजते, हे येथे बसलेल्या भगिनी माझ्यापेक्षा अचूक सांगतील. आणि जी शिजते ती ताटात कोणाच्या वाट्याला शेवटी येते, हेही त्यांना माहीत आहे.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये तर ते ६८.९ टक्के निघाले. परसबागेने हा प्रश्न एकट्याने सुटेल असे मी म्हणणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु रोजच्या जेवणात पालेभाजी आणि तिच्यावर पिळायला लिंबू असणे, हा त्या उपायाचा आवश्यक भाग आहे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते.

पाण्याचा हिशोब

आता पाणी. एक सोपे सूत्र लक्षात ठेवावे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले की एक मिलिमीटर पाऊस झाला असे समजावे. आपल्या पठारी भागात मे महिन्यात उघड्या वाफ्यातील भाजीपाल्यास दर चौरस मीटरला रोज ७ ते ८ लिटर पाणी लागते. वाफ्यावर तीन इंच आच्छादन असेल आणि दुपारनंतर थोडी सावली मिळत असेल, तर ५ लिटरमध्ये भागते. हिवाळ्यात ३ लिटर पुरेसे होते.

घरातून किती पाणी बाहेर पडते? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत ग्रामीण भागासाठी दरडोई रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांना २७५ लिटर. त्यातील पिण्या-स्वयंपाकाचे, शौचालयाचे व कपड्यांचे पाणी सोडा. आंघोळीचे व भांड्यांचे मिळून साधारण १२० लिटर पाणी मोरीतून जाते. नळाला पाणी कमी येत असेल तर हा आकडा कमी होईल. म्हणून माझा आकडा घेऊ नका, आपला काढा. दोन दिवस मोरीच्या तोंडाशी बादली किंवा टिप ठेवून पाणी मोजावे. हेच बागेचे भांडवल.

पाणी तीन प्रकारचे

मोरीचे सगळे पाणी एकसारखे नसते. त्याचे तीन भाग करावेत.

पहिले, स्वच्छ पाणी. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी, आणि नळाला नवीन पाणी आले की रांजणातून आपण ओतून देतो ते शिळे पाणी. हे दोन्ही मिळून रोज २५ लिटर तरी निघते. हे पाणी फक्त पालेभाज्यांना, कोथिंबिरीला आणि लिंबाला द्यावे. लिंबू क्षारांना नाजूक असते, त्यास साबणाचे पाणी मानवत नाही.

दुसरे, आंघोळीचे व भांड्यांचे पाणी. हे केळी, पपई, शेवगा, कढीपत्ता, तसेच वांगी, मिरची व मांडवावरचे वेल यांना बुडाशी द्यावे. पानांवर किंवा फळांवर शिंपडू नये. मुळा, गाजर, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये.

तिसरे, कपड्यांचे पाणी. धुण्याच्या पावडरीत व सोड्यात सोडियम जास्त असते. त्याने काळी जमीन चोपण होते, वर पांढरट थर येतो, पाणी मुरत नाही. हे पाणी बागेत घेऊच नये, शोषखड्ड्यात सोडावे. लहान मुलाचे मळके कपडे धुतलेले पाणीही तिकडेच जाऊ द्यावे.

मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात खाली विटांचे तुकडे, मध्ये खडी व वर वाळू भरावी. सर्वात वर गवत किंवा भुसकट भरलेली जुनी टोपली ठेवावी. तेलकटपणा व खरकटे तीत अडकते. टोपलीतील भुसकट दर आठवड्याला बदलून खताच्या खड्ड्यात टाकावे. वाळूचा वरचा थर तीन-चार महिन्यांनी धुऊन घ्यावा. पाणी त्याच दिवशी बागेत गेले पाहिजे. साठवल्यास वास येतो आणि डास होतात.

जागा आणि उतार

बाग मोरीच्या खालच्या बाजूला असावी. हा मुद्दा साधा वाटतो, पण परसबाग टिकणे न टिकणे यावरच अवलंबून आहे. १२० लिटर पाणी म्हणजे १५ लिटरच्या ८ बादल्या. पहाटे उठून घर, गोठा, डबे आणि मग शेतात जाणाऱ्या बाईने वर आणखी आठ बादल्या वाहाव्यात, असे नियोजन करणारा माणूस नियोजन करीत नाही, काम दुसऱ्यावर ढकलतो. अशी बाग मार्चपर्यंत चालते आणि एप्रिलमध्ये बंद पडते. दोष बाईचा नसतो, उताराचा असतो. खड्ड्यातून दोन इंची पाइप घेऊन दर १० फुटांस दोन इंच उतार द्यावा. पुढे चर काढून पाणी आळ्यांत आणि वाफ्यांत फिरवावे. चराच्या तोंडाला दगड लावून आज या वाफ्यात, उद्या त्या वाफ्यात, असे पाणी वळविण्याचे काम शाळकरी मूलही करते.

दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळाले पाहिजे. शेळ्या व कोंबड्या यांपासून राखण करण्यास बाभळीच्या काट्यांचे का होईना, पण पक्के कुंपण घालावे. फाटक मोडके असेल तर बाकी सर्व खर्च शेळीच्या पोटात जातो.

उन्हाळ्याची पालेभाजी झाडावर

आता वाटप करू. १२० लिटरपैकी उन्हाळ्यात दोन केळींना ३० लिटर, दोन पपयांना २० लिटर आणि शेवगा व कढीपत्ता यांना मिळून १० लिटर द्यावे. उरले ६० लिटर. चौरस मीटरला ५ लिटरप्रमाणे ते १२ चौरस मीटरला पुरते. एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे चार वाफे झाले. स्वच्छ पाण्यापैकी १० लिटर लिंबास व १५ लिटर पालेभाजीच्या एका वाफ्यास. म्हणजे उन्हाळ्यात एकूण पाच वाफे आणि काही झाडे, एवढीच आपली बाग. हिवाळ्यात झाडांचे पाणी निम्म्यावर येते व वाफ्यांनाही कमी लागते, त्यामुळे त्याच पाण्यात दहा वाफे होतात. पावसाळ्यात पाण्याची अडचण नसते, तरी दहाच्या पुढे जाऊ नये, कारण तण काढणेही आपल्यालाच आहे.

उन्हाळ्यात पालेभाजीचा एकच वाफा, मग पाला कोठून आणायचा? झाडावरून. शेवग्याची मुळे खोल जातात, तो थोड्या पाण्यावर तग धरतो आणि त्याच्या पाल्यात लोह व 'अ' जीवनसत्त्वाचा अंश भरपूर असतो. आपण शेंगा खातो व पाला शेळीला घालतो. पाल्याची डाळ घालून केलेली भाजी, थालीपिठात किंवा भाकरीच्या पिठात मिसळलेला कोवळा पाला, हे नित्याचे झाले पाहिजे. कोकण रुचिरा किंवा पी.के.एम.-१ यांपैकी एखादा वाण पावसाळ्याच्या तोंडावर लावावा. झाड तीन-चार फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात व पाला हाताशी येतो. लाकूड ठिसूळ असते, म्हणून घराच्या छपरापासून झाड दूर असावे. जागा असल्यास बांधावर एक हादगाही लावावा. त्याची फुले व पाला दोन्ही भाजीस चालतात.

पपईच्या बुंध्याशी पाणी साचल्यास खोड सडते, म्हणून तिला दुहेरी आळे करावे व पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर नर झाडे काढून टाकावीत.

वाफ्यांची फेरी

सगळी मेथी एकाच दिवशी पेरली की एकाच दिवशी तयार होते, आठवडाभर खाऊन कंटाळा येतो आणि मग महिनाभर काही नसते. मेथीचे उत्पादन हेक्टरी ७ ते ८ टन धरले, तर तीन चौरस मीटरच्या वाफ्यातून सुमारे दोन किलो भाजी मिळते. पाच माणसांना ५० ग्रॅमप्रमाणे ती आठ दिवस पुरते. म्हणून हिवाळ्यात पालेभाजीचे तीन वाफे राखावेत आणि आठ-नऊ दिवसांच्या अंतराने एकेक पेरावा. तिसरा काढणीस येईतो पहिला रिकामा होऊन पुन्हा पेरलेला असतो. मेथी एका वेळी संपते, तर पालक कापल्यावर पुन्हा फुटतो. म्हणून एका वाफ्यात पालक, दुसऱ्यात मेथी, तिसऱ्यात शेपू, चाकवत, कोथिंबीर असे मिश्रण ठेवावे. धने पेरण्यापूर्वी रगडून दोन भाग करावेत.

हंगामाप्रमाणे साधारण अशी आखणी करावी.

जून-जुलै: भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, मांडवावर दोडका, कारली, दुधी, काकडी, वांगी व मिरचीची रोपे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, लसूण, कुंपणावर वाल.

फेब्रुवारी-मार्च: राजगिरा, माठ, भेंडी, गवार, मागची वांगी छाटून पुन्हा फुटवावीत.

काकडी, मुळा व गाजर यांचा वाफा स्वच्छ पाण्याच्या बाजूस असावा. ज्या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची घेतली तेथे पुढच्या हंगामात त्याच वर्गातील पीक न घेता शेंगवर्गीय किंवा पालेभाजी घ्यावी. प्रत्येक वाफ्यास दर हंगामात ८ ते १० किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. मोरीचे पाणी घेणाऱ्या वाफ्यांना ते कधी चुकवू नये, कारण साबणाच्या पाण्याने जमीन घट्ट होते व शेणखताने ती मोकळी राहते. पावसाळ्यात या वाफ्यांतून पाण्याचा निचरा चांगला होऊ द्यावा, म्हणजे वर्षभरात साठलेले क्षार धुऊन जातात. उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट जाळू नये, ते आच्छादनास वापरावे.

फवारणी आणि बियाणे

एक गोष्ट मी विनंती म्हणून नव्हे, इशारा म्हणून सांगतो. कापसाचा किंवा द्राक्षाचा पंप परसबागेत आणू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. परसबागेतील भाजी आज दुपारी तोडून आजच शिजते; तेथे औषधाचा अंश उतरण्यास अवधीच नसतो. औषधांचे रिकामे कॅन धुऊन त्यात पाणी साठवणेही तितकेच घातक आहे. मावा, तुडतुडे यांसाठी पाव किलो निंबोळीचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून पिळून गाळावा व पाच लिटर पाणी करून संध्याकाळी फवारावा. किडलेली वांगी व शेंडे तोडून नष्ट करावेत. थोडी भाजी किडीने खाल्ली तर खाऊ द्यावी, तिला विकायची नाही.

बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. संकरित वाणाचे बी पुन्हा धरता येत नाही, परंतु गावठी व सुधारित वाणांचे धरता येते. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसातून देशी भाज्यांच्या बियाण्यांचा संग्रह उभा केला आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचे उदाहरण मोठे आहे. आपण निदान एवढे करावे की दोडका, भोपळा, वाल, चवळी यांची पहिल्या बहरातील एक-दोन उत्तम फळे वा शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात आणि बी राखेत घोळून बंद डब्यात ठेवावे. शेजारणीशी अदलाबदल केल्यास दोन वर्षांत दहा-बारा प्रकारचे बियाणे घरात जमते.

काम कोणाचे?

शेवटचा मुद्दा. परसबाग ही बायकांची, असे आपण सहज म्हणून टाकतो. तिच्यातील तोडणी आणि रोजची नजर घरातील बाई ठेवतेच. परंतु खड्डा खणणे, पाइप टाकणे, कुंपण घालणे, मांडव उभारणे व शेणखत आणून टाकणे ही कामे वर्षातून दोन-चार दिवसांची आहेत. ती पुरुषांनी मे महिन्यात, पेरणीच्या धांदलीपूर्वी उरकावीत. पाणी वळविणे मुलांकडे द्यावे. असे वाटप झाले तर बाईकडे रोजचे अर्ध्या तासाचे काम उरते. आणि तोडलेल्या भाजीतील तिचा वाटा तिच्या ताटात पडला पाहिजे. ज्या घरात ती सर्वांच्या नंतर, उरलेले खाते, त्या घरात बागेने बाजारखर्च वाचेल, पण तिचे रक्त वाढणार नाही.

'आमच्याकडे जागाच नाही' असे म्हणणाऱ्यांनी निराश होऊ नये. जागा नसली तरी मोरी असतेच. तिच्याजवळ एक शेवगा, एक कढीपत्ता, भिंतीवर चढविलेला दोडक्याचा वेल आणि माती-शेणखत भरलेल्या चार पोत्यांत मिरची व मेथी, एवढ्याने सुरुवात होते. बाग लहान असली तरी चालेल, ती बारा महिने हिरवी असावी. दहा वाफ्यांची जूनची बाग आणि पाच वाफ्यांची मे महिन्यातली बाग यांत मला दुसरी मोठी वाटते.

तेव्हा उद्या सकाळी पहिले काम बियाण्याच्या दुकानात जाण्याचे नाही. मोरीच्या तोंडाशी बादली ठेवा, किती भरते ते मोजा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. बागेचे माप त्यावरूनच निघेल.